त्रास फॉरवर्ड झाला आहे

तंत्रज्ञानाचं वेड असलेल्या माणसाला 'फाईल कशी पाठवू?' एवढंच विचारून बघा. तो आधी केबल कुठल्या टोकाची आहे ते विचारतो, मग वाय-फाय कुठलं आहे ते विचारतो, मग सेकंदाला किती मेगाबाइट सरकतील याचा तोंडी हिशेब करतो. तेवढ्यात विचारणाऱ्याने ती फाईल व्हॉट्सॲपवर टाकून, निळ्या खुणा बघून, विषय संपवलेला असतो. मग वेडा माणूस दुखावतो. 'अहो, क्वालिटी गेली त्यातली,' असं काकुळतीने सांगतो. क्वालिटी गेलेली असते हे खरंच, पण ऐकणाऱ्याच्या लेखी फाईल पोचलेली असते आणि क्वालिटी कुठे गेली याची चौकशी करायला त्याला सवड नसते. मीही याच वेड्यांच्या पंगतीतला. तरी पंगतीत बसून एक विधान करायचं आहे आणि ते पुराव्यानिशी करायचं आहे: आपण इतकी वर्षं भलतीच गोष्ट मोजत आलो. आपण वेग मोजतो. मोजायला हवा तो त्रास. शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, ती फक्त रूप बदलते. फाईलबरोबर जो त्रास निघतो त्यालाही हा नियम लागू आहे. तो संपत नाही. पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून पुन्हा आपल्याकडे सरकत राहतो. फाईल शेअर करायची जेवढी म्हणून साधनं निघाली, त्यांतलं प्रत्येक साधन म्हणजे 'हा त्रास कोणी सोसायचा?' या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे, आणि लोक साधन निवडतात ते त्या उत्तरात आपलं नाव नाही ना, एवढं बघून.

वेगाचा किंवा तंत्राचा प्रश्न खरं म्हणजे फार पूर्वीच मिटला. एका यंत्रातली फाईल दुसऱ्या यंत्रात न्यायची कशी, याची नियमावली अभय भूषण यांनी एप्रिल १९७१मध्ये लिहून काढली. अलाहाबादचा हा तरुण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून अमेरिकेत एमआयटीला गेला होता. दोन वेगळ्या बनावटीच्या यंत्रांनी एकमेकांच्या पोटातल्या मांडणीची चौकशी न करता फाइली द्याव्या-घ्याव्यात, हा त्यांच्या 'फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल'चा गाभा. माणूस चंद्रावर उतरून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हा प्रश्न तत्त्वतः सुटलेला होता. आज पन्नासहून अधिक वर्षांनी, फोनमधला फोटो त्याच टेबलावर हातभर अंतरावर असलेल्या लॅपटॉपमध्ये न्यायचा असेल, तर चांगला शिकलासवरलेला माणूस तो स्वतःलाच ई-मेल करतो. हातभर अंतर कापायला फोटो कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून येतो, आणि मेल आल्याची सूचना वाजली की पाठवणाराच क्षणभर 'कोणाची आली?' म्हणून उत्सुकतेने बघतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवायची सोय २०२२च्या शेवटाला आली. त्याआधी लोक बायकोला किंवा भावाला घेऊन एक ग्रुप काढत, पुढच्याच क्षणी तिला किंवा त्याला बाहेर काढत, आणि त्या निर्मनुष्य ग्रुपात लाइट बिलं आणि पॅन कार्डं साठवत. आम्ही वेडे याला अडाणीपणा म्हणतो. पण हिशेब पाहा. केबल शोधणं, ती नुसती चार्जिंगची निघणं, मग दुसरी शोधणं, ती लावल्यावर फोनने परवानगी मागणं आणि ती देईपर्यंत पडदा विझणं, हा सगळा त्रास त्या माणसाने सर्व्हरवर ढकलला. सर्व्हर कुरकुरत नाही. मग अडाणी कोण?

मेलला फाईल जोडण्याची आजची पद्धत १९९२ सालची. तिच्या कर्त्यांपैकी एक, नॅथॅनिएल बोरेनस्टाइन, यांनी त्या वर्षी ११ मार्चला जी अटॅचमेंट पाठवली तिच्यात होता त्यांच्या गायक चौकडीचा फोटो आणि त्या चौघांनी म्हटलेलं गाणं. म्हणजे एक ग्रुप फोटो आणि एक गाणं. कुठल्याही कौटुंबिक ग्रुपावर सकाळी साडेसातला आजही नेमकं हेच येतं. तीस वर्षांत आशयात तसूभर फरक नाही. मेलची अडचण अशी, की ती मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली व्यवस्था. तिच्यातून फोटो न्यायचा तर त्याच्या दर तीन बाइटांना चार अक्षरांचा वेष चढवावा लागतो, आणि सामान एक तृतीयांशाने जड होतं. म्हणून जिथे पंचवीस मेगाबाइटची मर्यादा या वाढलेल्या वजनाला लावतात, तिथे अठरा-एकोणीसच्या पुढे गाडी अडते. ते ओझं पडतं घेणाऱ्याच्या पेटीत. पाठवणारा 'सोबत जोडले आहे' असं लिहून मोकळा. सोबत जोडायला विसरला असला, तर जास्तच मोकळा.

व्हॉट्सॲपची चलाखी यापुढची आहे. फोटो पाठवताना ते त्याला इतकं दाबतं, की चार-पाच मेगाबाइटचा ऐवज काहीशे किलोबाइटवर येतो. पाठवणाऱ्याला त्रास नाही, घेणाऱ्याला नाही. सगळा त्रास फोटोला, आणि फोटोला तक्रार करता येत नाही. २०२२पासून तिथे दोन गिगाबाइटपर्यंतची फाईल डॉक्युमेंट म्हणून जशीच्या तशी जाते, २०२३मध्ये फोटोंसाठी एचडीचं बटणही आलं. पण ते बटण दाबायला एकदा बोट जास्त लावावं लागतं, म्हणून ते आमच्यासारखेच दाबतात. दबलेला फोटो सूड उगवतो तो चौकातल्या फ्लेक्सवर. वाढदिवसाचा भलाथोरला बोर्ड करायचं ठरतं, 'भाऊंचा फोटो टाक रे' असा निरोप सुटतो, आणि कोणीतरी कोणाच्या तरी स्टेटसवरून घेतलेला स्क्रीनशॉट फ्लेक्सवाल्याच्या हाती पडतो. मोठा केल्यावर भाऊंचे चौकोनी ठिपके होतात. फ्लेक्सवाला मुरलेला असतो. तो त्या ठिपक्यांवर गुळगुळीतपणाचा असा थर देतो, की भाऊंच्या शेजारी उभे असलेले त्यांचे चिरंजीव थोरले वाटावेत. भाऊंना ते पसंत पडतं आणि पुढच्या वर्षी मूळ चांगला फोटो उपलब्ध असूनही 'तो मागचाच टाक' असा आदेश निघतो.

याहून वरच्या दर्जाची पद्धत म्हणजे एका फोनच्या पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो. आमच्या पंथात याला क्षमा नाही. पण शांतपणे विचार केला तर एवढी परिपूर्ण पद्धत दुसरी नाही. खातं लागत नाही, पासवर्ड लागत नाही, फाईलचा प्रकार जुळावा लागत नाही, नेटही लागत नाही. ॲपलने २०११ साली एअरड्रॉप आणलं ते आपल्या घरातल्या घरात देवाणघेवाण करायला. पडद्याचा फोटो मात्र कुठल्याही दोन कंपन्यांच्या फोनांत पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालत आला. त्यात आडव्या लाटा येतात, ट्यूबलाइट दिसते, कधी काढणाऱ्याचा अंगठाही येतो. पण एसटीच्या तिकिटावरची वेळ त्यातून कळते, आणि वेळ कळण्याशीच काम होतं.

त्रास पायांवर किंवा दुसऱ्याच्या खिशावर टाकायची परंपराही मोठी आहे. जुन्या ब्लूटूथवर सेकंदाला फार तर दोनेक मेगाबिट जात. एक गिगाबाइटचा सिनेमा पाठवायला तासाहून जास्त वेळ लागे आणि तेवढा वेळ दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर पहारा करावा लागे. म्हणून सप्टेंबर २०१६मध्ये जिओ येऊन डेटा स्वस्त होईपर्यंत गावोगावी रिचार्जच्या दुकानांत 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' असे बोर्ड होते. दुकानदार कार्ड घेई, 'भक्तिगीतं की डीजे?' एवढा एकच तात्त्विक प्रश्न विचारी, आणि सकाळची काकड आरती व रात्रीची वरात एकाच कार्डात नांदू लागे. त्रास पैसे देऊन दुसऱ्याला विकता येतो, हे अर्थशास्त्र त्या टपरीने सिद्ध केलं. दक्षिण आफ्रिकेत तर त्याहून पुढे गेले. २००९च्या सप्टेंबरात डर्बनच्या एका कंपनीने इंटरनेट फार मंद म्हणून चार गिगाबाइटचं कार्ड विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला बांधून सुमारे ऐंशी किलोमीटर धाडलं. कबुतर तासाभरात पोचलं. कार्ड उतरवून घेण्यासकट सगळं काम दोनेक तासांत आटोपलं, आणि तेवढ्या वेळात तारेवरून जेमतेम चार टक्के फाईल गेली होती. बातम्यांत याची नोंद वेगाची स्पर्धा म्हणून झाली. माझ्या मते ती वाटणीची गोष्ट आहे: कंपनीचा त्रास कबुतराने उचलला, म्हणून काम झालं.

इथवर त्रास नुसता सरकताना दिसतो. लिंकच्या जमान्यात मात्र ऊर्जेशी असलेलं साम्य तुटतं, कारण त्रास सरकताना वाढू लागतो. 'ड्राइव्हवर टाकलंय, लिंक पाठवली आहे' हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याचं काम संपलं. घेणारा लिंक उघडतो तर आत जायची परवानगी नाही. तो परवानगी मागतो; ती मागणी ज्या मेलपेटीत जाते ती पाठवणाऱ्याने दिवाळीपासून उघडलेली नसते. मग फोन: 'सर, जरा ॲक्सेस द्या ना.' हे बरोबरीच्यांत. लिंक साहेबांनी पाठवली असेल तर परवानगी मागण्याची पंचाईत, कारण त्यातून साहेबांना कळत नाही असं सुचवल्यासारखं होतं. तेव्हा अख्खं खातं 'बघितलं सर, उत्तम झालंय' असं कळवून टाकतं आणि ती फाईल अखेरपर्यंत अस्पर्श राहते. नावांचंही तसंच. स्कॅन केलेल्या कागदाला यंत्र 'डॉक्युमेंट' असं काहीतरी नाव देतं, सोसायटीचे सेक्रेटरी तसंच ते ग्रुपावर टाकतात. 'वार्षिक सभा इतिवृत्त' एवढं टाइप करायला दहा सेकंद लागली असती. ती वाचली. त्या बदल्यात पुढच्या वर्षी ऐंशी सभासद 'डॉक्युमेंट कंसात तीन' आणि 'डॉक्युमेंट कंसात सात' उघडून बघतात, आणि शेवटी ग्रुपावर विचारतात, 'कोणाकडे आहे का? परत टाका ना.' सेक्रेटरी परत टाकतात. आता ते कंसात आठ.

मराठी माणसाच्या वाट्याला या सगळ्याखेरीज एक खास त्रास आला, तो फॉन्टचा. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, विंडोज २०००पासून मराठी संगणकावर रीतसर उमटू लागली. पण छापखान्यांचा संसार त्याआधीच श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांच्याशी थाटलेला होता. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. फॉन्ट असेल तोवर 'महाराष्ट्र' दिसतं. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली युरोपीय अक्षरं रांगेने उभी राहतात. त्यामुळे फाईल पाठवली की पाठोपाठ 'फॉन्ट पण पाठवा' असा निरोप येई. पानं लावायला पेजमेकर. त्याला युनिकोडची देवनागरी कळत नव्हती आणि कळून घ्यायच्या आत त्याची नवी आवृत्ती निघणंच थांबलं. आता लेखक फोनवर युनिकोडमध्ये लिहितो, डीटीपीवाला ते कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात उतरवतो. इथे घोटाळ्याला शास्त्रीय कारण आहे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडात अक्षराच्या नंतर. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टरला दर शब्दात ही उचलाउचल करावी लागते, आणि एखादं अवघड जोडाक्षर आलं की रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. दिवाळी अंकाच्या घाईत हे मुद्रितशोधकाच्या टेबलावर येतं. लेखकाला फोनवर लिहिणं सोपं झालं, संपादकाला मेलवर लेख मिळणं सोपं झालं; त्या दोघांचा मिळून त्रास त्या एका चष्म्याखाली जमा होतो. तिथूनही निसटला तो वाचकाकडे, आणि वाचक समजतो की ही लेखकाची शैली आहे.

पण त्रास ढकलण्याच्या कलेतले खरे उस्ताद म्हणजे ऑनलाइन अर्ज मागवणाऱ्या संस्था. बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचना नमुन्यादाखल घेऊ. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, वजन २० ते ५० किलोबाइट. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० किलोबाइट. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०. शिवाय इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, काळ्या शाईने, ८०० बाय ४००, वजन ५० ते १०० किलोबाइट. इथे कमाल मर्यादा आहे तशीच किमान मर्यादाही आहे. फोटो बारीक चालत नाही आणि जाडही चालत नाही, वधूवर सूचक मंडळातसुद्धा एवढं नेमकं मागत नाहीत. जिथे साधा फोनही चार-पाच मेगाबाइटचा फोटो काढतो, तिथे उमेदवाराने तो शंभर पटीने आटवून आणायचा. जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत असे अठ्ठावीस उमेदवार सहज मावले असते. कोणी म्हणेल, अर्ज लाखोंनी येतात, सर्व्हरवर भार पडतो. मांडू या हिशेब. दहा लाख उमेदवार, प्रत्येकाचे पाच मेगाबाइट, झाले पाच टेराबाइट. एवढं सामान दुकानात मिळणाऱ्या, खिशात मावणाऱ्या एका हार्डडिस्कमध्ये बसतं. आणि ठेवायचं नसेल तर आलेला फोटो हव्या त्या मापाला आटवणं हे सर्व्हरचं क्षणाचं काम; प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चार ओळी वाढतील. त्या चार ओळी वाचाव्यात म्हणून लाखो मुलं, त्यांतली कितीतरी बीडच्या, गडचिरोलीच्या खेड्यांतली, अर्जाच्या शेवटच्या रात्री पिक्सेल म्हणजे काय ते शिकतात. त्यातूनच तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानांत 'फोटो-सही रिसाईज करून मिळेल' हा नवा धंदा उभा राहिला. दुकानदाराचा व्हॉट्सॲप नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. त्या नंबरावर अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं, पॅन कार्डं, जातीचे दाखले आणि मार्कशिटा जाऊन पडतात. डिजिलॉकर २०१५ साली निघालं तेव्हा जे काम करायचं म्हटलं होतं, ते हा माणूस कुठल्याही अधिसूचनेविना करतो आहे. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने इशारा काढला, की आधारची प्रत वाटेल त्याला देऊ नका, सायबर कॅफेत ती उतरवून घेऊ नका. दोन दिवसांत सरकारने तो मागे घेतला, कारण भलता अर्थ निघेल. अर्थ सरळच निघाला होता, अडचण तीच होती: प्रत द्यायची नाही तर अर्ज भरायचा कसा?

डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्याचं उदाहरणही इथेच बसतं. महाराष्ट्रात २०१८पासून तो ऑनलाइन मिळतो, त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही असं त्यावरच छापलेलं असतं. तो माणूस घरी उतरवून घेतो, दुकानात जाऊन छापतो, खिडकीवर देतो, आणि खिडकीतला कारकून अनेकदा तो स्कॅन करून संगणकात चढवतो. संगणकातून संगणकात जायला फाईलने कागदावर एक मुक्काम केला, एवढंच. तो मुक्काम कोणाच्या खर्चाने, हे सांगायला नको.

आता माझ्या नियमावर सगळ्यात जड आक्षेप घेऊ, तो टोरंटचा. ब्रॅम कोहेनने २००१ साली बिटटोरंट काढलं, आणि त्यात त्रास संपवण्याची नसली तरी वाटून विरवण्याची युक्ती होती. फाईलचे तुकडे करायचे; ज्याला जो तुकडा मिळाला त्याने तो मिळताक्षणी पुढे द्यायला लागायचं; जो आपल्याला देतो त्याला आपण आधी द्यायचं; आणि जो तुकडा सगळ्यांत दुर्मीळ, तो सगळ्यांत आधी मिळवायचा. मागणारे वाढले की नेहमीचा सर्व्हर धापा टाकतो, इथे मागणारे वाढले की वेग वाढतो. आळीत विरजण असंच फिरतं: ज्याच्याकडून नेलं त्याचं दही काही उणं होत नाही आणि उद्या त्याचं बिघडलं तर नेलेल्याकडून परत आणता येतं. म्हणजे त्रास एकाकडून अनेकांवर ढकलला तर वाढतो, अनेकांनी मिळून उचलला तर जाणवेनासा होतो. हे मी मान्य करतो आणि नियमाला जोडूनही घेतो. पण पुढे काय होतं तेही पाहा. फाईल पूर्ण उतरली की देत राहणं ऐच्छिक असतं. ऐच्छिक म्हटल्यावर बहुतेक जण त्याच मिनिटाला खिडकी बंद करतात. नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेले टोरंट ही त्याची स्मारकं आहेत. शेवटचा तुकडा ज्याच्याकडे आहे तो संगणक बंद करून गावाला गेलेला असतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो योग्य आहे: टोरंट म्हणजे चोरी. तंत्र म्हणून नव्हे, लिनक्सच्या आवृत्त्या आणि इंटरनेट अर्काइव्हवरचे संग्रह त्याच वाटेने कायदेशीरपणे वाटले जातात. पण सिनेमा फुकट उतरवणाऱ्याबद्दल आक्षेप बरोबरच आहे, आणि माझ्या नियमाला त्याने पुष्टीच मिळते. १९९९चं नॅप्स्टर दोन वर्षांत न्यायालयाने बंद पाडलं, ते गाणी फुकट होती म्हणून नव्हे. ती फुकट होण्याचा सगळा त्रास गाणारे आणि त्यांच्या कंपन्या सोसत होत्या म्हणून. 'ज्ञान मुक्त असावं' असं म्हणत हिंदी सिनेमा उतरवणाऱ्या आमच्या पंथबंधूंनी स्वतः रात्र जागून लिहिलेलं सॉफ्टवेअर असंच कोणी उचललं तर त्यांचा चेहरा कसा होतो, ते एकदा आरशात बघावं.

उरला तो नेहमीचा शेरा: लोकांनी शिकून घ्यावं. शिकून घेतलेल्यांचं काय झालं, ते आधी बघावं. ब्लूटूथला कंटाळून लोक शेअरइट आणि झेंडर शिकले. नेट न वापरता शेकडो मेगाबाइट मिनिटात जात होते, लग्नात व्हिडिओ वाटायला त्यासारखी सोय नव्हती. २९ जून २०२०ला सरकारने बंदी घातलेल्या एकोणसाठ चिनी ॲपांत दोन्हीही गेली; कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनरही त्याच यादीत गेलं. मग चिकाटीचे लोक गूगलचं निअरबाय शेअर शिकले. २०२४च्या जानेवारीत त्याचं नाव क्विक शेअर झालं, बटणाची खूण बदलली, आणि 'ते निअरबाय कुठे गेलं?' असं विचारणारे पुन्हा आमच्याकडे आले. जो काहीच शिकला नाही आणि व्हॉट्सॲपवर टाकत राहिला, त्याचं एका मिनिटाचं नुकसान झालं नाही. शिकणं हाही त्रासच. फरक एवढाच, की तो आज आगाऊ भरायचा आणि मोबदला मिळेल याची हमी कोणी देत नाही. अशा योजनेत पैसे गुंतवू नयेत हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

नियम इतका पक्का असताना त्याला अपवाद सापडतो तो एकच, आणि तो लग्नाच्या फोटोंचा. फोटोग्राफर तीन-चार हजार फोटो पेनड्राइव्हवर देतो आणि सांगतो, 'यातले दोनशे निवडा, नंबर लिहून पाठवा, मग अल्बमला घेतो.' त्रास त्याने रीतसर पुढे सरकवला. नवरा म्हणतो, तू निवड, तुलाच कळतं. ती म्हणते, तुमच्याकडच्यांची नावंच मला माहीत नाहीत. सासूबाई सांगतात, माझ्या माहेरचं कोणी गळता कामा नये. मग एका रविवारी सगळे मिळून बसतात, चाळिसाव्या फोटोपर्यंत सव्वीस निवडून होतात, अक्षतांपर्यंतही पोचलेलं नसतं, आणि कोणीतरी म्हणतं, 'राहू द्या, नंतर निवांत बघू.' फोटोग्राफर काही विचारत नाही, कारण विचारलं तर अल्बम करावा लागेल. घरचे आठवण करत नाहीत, कारण केली तर निवडावे लागतील. त्रास पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. ज्याला जे हवं होतं ते, म्हणजे काहीही न करणं, प्रत्येकाला मिळालेलं असतं. अल्बमचे पैसे आगाऊ दिलेले असतात, त्यामुळे बारशालाही तोच फोटोग्राफर ठरतो. तो बारशाचेही फोटो देतो, त्याच पेनड्राइव्हवर, कारण तिच्यात अजून जागा असते.